मावेल तेवढा मैदा

मानोरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची ही स्वयंपाकखोली. भिंतीला पोषण आहाराचा तक्ता डकवलेला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या मुलाला हेच आकडे १५०, ३०, ७५ आणि साडेसात. तक्त्याच्या बरोबर खाली तांदळाचं पोतं, आणि पोत्यात अर्धवट रुतलेला पत्र्याचा डबा. कधीकाळी त्यात किलोभर डालडा होता. आता रंग उडालाय, एका बाजूने पोचा आलाय.

हजेरी झाली की वर्गातला एक पोरगा आकडा सांगायला येतो. "मावशी, आज अठ्ठावन्न!" मावशी डबा पोत्यात खुपसतात, शीग लागेल असा वर काढतात आणि न हलवता गंजात रिकामा करतात. असे पाच डबे. सहावा वर आला की त्याची शीग तळहाताने पुसून काढतात. पाच शिगेचे आणि एक सपाट. पाचवीपर्यंतच्या या मुलांना तक्त्याप्रमाणे पाच किलो आठशे ग्रॅम हवेत, आणि या डब्याने ते तिथेच येऊन पोचतात.

"मी डब्यानं घेतो, सर काट्यानं लिहितात," मावशी म्हणाल्या. हा डबा कामावर लागल्या लागल्या किराणा दुकानाच्या काट्यावर घातलेला आहे. शिगेने भरला की किलो, सपाट भरला की त्याहून थोडा कमी. डाळीचा पेला वेगळा, तेलाची पळी वेगळी. प्रत्येकाचं एकदा वजन झालेलं. महिनाअखेरीस शिल्लक नोंदवही आणि पोतं यांचा मेळ बसावा लागतो. डबा सढळ पडला तर पोतं आधी संपतं, आखडला तर मुलं उपाशी उठतात. तुटपुंज्या मानधनावर काम करणारी ही बाई रोज त्या दोन्हींच्या मधून वाट काढते, आणि तिच्या या कामाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

'माप' या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा स्वयंपाकघरच आलं. खुणांचे कप नाहीत, ग्रॅमचा काटा नाही, तरी रोजची भाजी रोजच्यासारखी कशी होते? "अंदाजाने" हे उत्तर मला लहानपणापासून मिळत आलं आहे, आणि ते मला कधीच पुरेसं वाटलं नाही. म्हणून वाशीम जिल्ह्यातल्या चुलींपाशी जाऊन बसले.

कणगी गेली, काटा आला

इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात अजून पायली आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापं आकारमानाची, वजनाची नव्हेत. शिवाय एका गावची पायली शेजारच्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नाही. वजनाचा शेर मात्र इंग्रजी अमलात ८० तोळ्यांचा ठरला होता, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम.

बाजाराला असं ढिलं माप परवडत नाही. याच जिल्ह्यातल्या कारंजाचं नाव शेती-पणनाच्या इतिहासात येतं ते त्यामुळे. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ साली तिथला कापसाचा बाजार नियमांत बांधला गेला, आणि देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद झाली. वऱ्हाडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांकडे जात होता. घेणाऱ्याला भरवशाचं वजन आणि भरवशाचा माल हवा होता. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. पुढे स्वतंत्र भारतात १९५६ चा वजन-मापांचा कायदा आला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने दुकानांत शिरला.

पण पायली घरातून गेली ती कायद्यामुळे नव्हे, असं मला गावोगाव हिंडताना वाटलं. ज्वारी घरच्या शेतात पिके, कणगीत राही, आणि दळणाला काढताना पायलीने मोजली जाई. आता शेतात सोयाबीन आहे. ते थेट बाजार समितीच्या काट्यावर जातं आणि त्या पैशाची ज्वारी किलोने घरी येते. कणगीच उरली नाही, तर पायली कशात बुडवायची? बऱ्याच घरांत ती अजून आहे. देवघराजवळ, किंवा माळ्यावर. लग्नात नव्या नवरीने उंबरठ्यावर लवंडायचं माप म्हणून ती खाली येते.

उसनवारीत मात्र जुनी रीत टिकली आहे. वाटीभर साखर, मापटंभर पीठ नेताना सपाट न्यायचं आणि परत करताना शीग लावायची. एका आजींनी मला ती शीग दाखवली: ज्वारीच्या पिठाची चांगली उंच उभी राहिली, साखरेची बसकी, तुरीच्या डाळीची त्याहून बसकी. "शीग पाहून समजते का पीठ कधीचं दळलं," त्या म्हणाल्या. ताजं, मोकळं पीठ वाटीत हलकं बसतं. डब्यात दाबून राहिलेलं जड. कपाने मोजणाऱ्या देशांतही हीच अडचण आहे. चाळून भरलेल्या कपभर मैद्याचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास येतं, तर डब्यात कप खुपसून काढला की १५० पर्यंत जातं. शिवाय कप तरी एक कुठे आहे? अमेरिकेचा साधारण २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक २५० चा, जपानचा २०० चा. सपाट कप आणि सपाट चमच्याचा आग्रह रुजवला तो बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पाकपुस्तकाने. त्याआधी तिथेही बायका चहाच्या कपानेच मोजत होत्या.

एक बाजू बांधलेली, एक मोकळी

रिसोडकडच्या एका अंगणात उन्हाळ्यात कुरडया चालल्या होत्या. गहू तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेलं, मग वाटून, गाळून, चीक रात्रभर निवळायला ठेवलेला. सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून दिलं की खाली पांढरा, घट्ट चीक राहतो. घरातल्या काकूंनी तो एका पितळी गडव्याने मोजला: चार गडवे. त्याच गडव्याने चार गडवे पाणी आधणाला ठेवलं. मीठ टाकलं, हिंग टाकला. पाणी खळखळलं तशी एक जण चीक बारीक धारेने ओतू लागली आणि दुसरी लाकडी दांड्याने हाटू लागली.

गडव्यात किती मावतं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. एकास एक. गडवा असो, तांब्या असो, बादली असो, प्रमाण तेच राहतं. भांड्याचा आकार हिशेबातून निघूनच जातो. खरी जोखीम वेगळ्या ठिकाणी असते. वरचं पाणी पुरतं ओतलं गेलं नसेल तर चिकातच जास्तीचं पाणी असतं आणि एकास एक फसतं. म्हणून मोजण्याआधी काकूंनी चिकात बोट बुडवून उभं धरलं. चीक बोटावरून ओघळला नाही, जाडसर थर धरून राहिला, तेव्हाच गडवा हातात घेतला.

घाटा शिजत आला की रंग बदलतो. पांढरेपणा जाऊन चकाकी येते, कारण साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पिठूळ कण पाणी पिऊन फुगतात आणि पारदर्शक होतात. काकूंनी हात पाण्यात बुडवला आणि घाट्यावर टेकवला. पहिल्या वेळी चिकटला. झाकण, पुन्हा वाफ. दुसऱ्या वेळी हात कोरा वर आला. "आता होते," म्हणाल्या, आणि सोऱ्या भरायला घेतला.

मला इथे या सगळ्या विद्येची किल्ली सापडली. जुन्या पद्धतीत एक जिन्नस पक्का बांधलेला असतो आणि एक मुद्दाम मोकळा सोडलेला. कुठला बांधायचा आणि कुठला सोडायचा, यात पिढ्यांचा अनुभव आहे. दिवाळीच्या शंकरपाळ्यांचं प्रमाण घराघरांत कसं सांगतात? एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा. दूध, तूप, साखर यांनी चव आणि खुसखुशीतपणा ठरतो, शिवाय एकदा पडलं की काढता येत नाही. म्हणून ते बांधलेलं. मैदा किती लागेल हे तो किती कोरडा, कुठल्या गव्हाचा, त्या दिवशी हवा किती दमट यावर अवलंबून. म्हणून तो मोकळा. कपाने मोजून पक्का मैदा घातला, तर पावसाळी हवेत पीठ सैल पडेल आणि चैत्रात कोरडं. "मावेल तेवढा" ही सूचना त्या दोन्ही दिवशी बरोबर येते. ती ढिली नाही, कपापेक्षा जास्त काटेकोर आहे.

भाकरीत हेच उलटं. तिथे पीठ बांधलेलं, पाणी मोकळं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ऊन पाणी घालून मळायचं. पीठ महिन्याभरापूर्वीचं असेल तर त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडेला चिरते. अशा पिठाला जास्त गरम पाणी लागतं आणि मळायलाही जोर लागतो. परातीत पीठ घेऊन मधे आळं करताना बाई पाण्याचा आकडा ठरवतच नाही. पाणी थोडं थोडं घेत जाते आणि उंडा हाताला सुटला की थांबते.

करंजीच्या मोहनाचीही अशीच परीक्षा. कडकडीत तेल पिठात चोळून मूठ वळायची. मुटका झाला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. वळलाच नाही तर मोहन कमी. तेल किती घातलं हे नंतर सांगता येईलच असं नाही, पण मुटका जमला की करंजी जमते.

पेर आणि पसा

भाताच्या पाण्यासाठी या भागात बोटाचं पेर वापरतात. तांदूळ धुऊन सपाट करायचे, त्यांच्यावर बोट टेकवायचं, पाणी पहिल्या पेरापर्यंत. चीनपासून फिलिपिन्सपर्यंत तांदूळ खाणाऱ्या मुलखांत हीच खूण आहे.

हे माप हातातून आलं, आणि हात हे आपल्याकडचं फार जुनं भांडं आहे. शार्ङ्गधराच्या आयुर्वेदग्रंथात मापांची जी रांग आहे, तिच्यात दोन पळांचा एक पसा, दोन पशांची एक ओंजळ किंवा कुडव, चार कुडवांचा प्रस्थ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्यासाठी तर शिजल्यावर धान्य किती वाढतं याचाच हिशेब दिलेला आहे: कोद्रू आणि त्याच्या जातीची धान्यं तिप्पट, व्रीही चौपट, शाली पाचपट, भिजवलेलं धान्य दुप्पट, मोड आलेलं अडीचपट. राजाच्या मुदपाकखान्यालाही कच्चं माप आणि शिजलेलं माप यांची सांगड घालावी लागत होती, आणि मानोऱ्याच्या शाळेतल्या मावशींनाही ती घालावी लागते.

हात बाईगणिक वेगळा असतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र ज्या घरासाठी ती रांधते, ते घर त्याच हाताच्या मिठाला सरावलेलं असतं. दुसरीच्या स्वयंपाकघरात गेलं की तोच हात बिचकतो. एका सुनेने मला सांगितलं, की लग्नानंतर पहिले काही महिने तिच्या भाजीत मीठ जास्तच पडे, कारण माहेरी खडे मीठ होतं आणि सासरी बारीक. चमचा तोच, चिमूट तीच. बारीक मिठाचे कण जवळजवळ बसतात, म्हणून त्याच चिमटीत वजन जास्त येतं. सासूने बोल लावला नाही. तिने सुनेला मीठ आधी तळहातावर घ्यायला लावलं, म्हणजे किती आहे ते डोळ्याला दिसतं.

मोठ्या गंजाचं आधण

वाशीमच्या आसपास भंडारे आणि पंगती वर्षभर चालतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात हिवरा आश्रमाच्या विवेकानंद जयंती उत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढतात, इतकी मोठी पंगत असते. गावपातळीवर रोडग्यांचा कार्यक्रम असतो: जाडसर कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, जोडीला वरण आणि वांग्याची भाजी. इथे घरातली वाटी कामाची नाही, आणि घरातलं प्रमाणही नाही.

एका आचाऱ्याने मला हे समजावलं ते जळत्या भट्टीसमोर उभं राहून. "घरी एका वाटीले दोन वाट्या पाणी. इथं तसं केलं तं पेज होते, ताई." कारण असं, की तांदूळ स्वतः साधारण आपल्या आकारमानाइतकं किंवा थोडं अधिक पाणी पितो. बाकीचं पाणी वाफ होऊन जातं. ती वाफ तांदूळ किती यावर ठरत नाही. भांड्याचं तोंड केवढं, झाकण कसं आणि किती वेळ उकळतं यावर ठरते. घरच्या पातेल्यात वाटीभर तांदळामागे जवळजवळ तेवढंच पाणी उडून जातं. वीस किलो तांदळाच्या खोल गंजात त्या मानाने फारच कमी उडतं. म्हणूनच बोटाचं पेर छोट्या आणि मध्यम भांड्यात जमतं: तांदूळ वाढले तरी वर उभं राहणारं पाणी तेवढंच ठेवलं जातं.

आचारी आधण कमीच ठेवतो. दुसऱ्या भट्टीवर उकळतं पाणी तयार असतं. तांदूळ वैरल्यावर तो मोठ्या उलथन्याचा दांडा गंजात उभा खोवतो. दांडा सावकाश कलला तर पाणी बेताचं, धप्पकन पडला तर अजून थांबायचं, उभाच राहिला तर दोन लोटे उकळतं पाणी. तिखट-मिठाचंही तसंच. दहा माणसांचं मसाल्याचं प्रमाण शंभरावर नेताना तो दहापट करत नाही. आधी सहा-सातपट घालतो, चाखतो, मग हात सोडतो. कमी पडलं तर घालता येतं, जास्त पडलं तर अख्खी पंगत बिघडते. माणसांचा अंदाज मात्र तो यजमानाला विचारून घेत नाही. किलोभर तांदळात दहा-बारा माणसं हा त्याचा पाया. पण पंगत शेतकामाच्या दिवसांतली असेल तर तो आकडा खाली आणतो. राबून आलेली माणसं जास्त जेवतात.

चिमटीचा भरवसा कुठवर

एवढं सगळं पाहिल्यावर हाताच्या मापाचा सरसकट उदो उदो करावासा वाटेल, पण तसं करणं बरोबर नाही. जिथे चाखून, हात लावून, थांबून दुरुस्ती करता येते, तिथेच हे माप खरं ठरतं. पापडखाराची दुरुस्ती होत नाही. जास्त पडला तर पापड तळताना लाल होतो आणि कडवटतो, आणि ते कळतं तेव्हा सगळे पापड लाटून वाळलेले असतात. म्हणून उडदाचे पापड करणाऱ्या बायका डाळ किलोने आणि खार तोलूनच घेतात. यात त्या हयगय करत नाहीत.

जुलाब झालेल्या मुलाला द्यायचं मीठ-साखरेचं पाणी हे तर जिवाशी गाठ असलेलं माप. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढलं तर मुलाचं पाणी आणखी आटतं. इथे पाच मिलिलिटरचा चमचा हवाच, आणि शीग चालत नाही. तरीही ज्या घरांत असा चमचा नव्हता, तिथे काय करायचं? बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघर जाऊन एक कोटीहून जास्त आयांना अर्ध्या शेर पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ हे माप शिकवलं. शिकवून थांबले नाहीत. आईने केलेलं पाणी तपासलं गेलं आणि शिकवणाऱ्या बाईचा मोबदला त्या निकालाशी बांधला गेला. चिमटीवर विश्वास ठेवला, पण ती चिमूट आधी मोजून घेतली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. डालड्याच्या डब्याचं आणि या चिमटीचं शास्त्र एकच आहे.

बचत गटांच्या बायकांना हे अलीकडे शिकावं लागलं. घरचं तिखट, हळद, शेवया पाकिटात घालून विकायच्या तर पाकिटावर निव्वळ वजन ग्रॅममध्ये छापावं लागतं, आणि ते खरं असावं लागतं. एका गटात मी पाहिलं: पाकिटं भरणाऱ्या ताई आधी हाताने भरतात, मग काट्यावर ठेवतात. बहुतेक वेळा काटा दोन-चार ग्रॅम इकडे तिकडे. तो चिमटीने सारखा करायचा. काटा आल्यावर हात बाद झाला नाही, उलट अधिक पक्का झाला.

वाटीचं वजन

छापील पुस्तकांनीही घराच्या भांड्याशी जुळवून घेतलं आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं, शेर-तोळ्यांच्या काळातलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, तेव्हा किलो-ग्रॅम येऊन दशक उलटलं होतं. तरी त्यांनी वाटी आणि चमचा हेच माप धरलं. नव्या संसाराला लागलेल्या मुलींच्या हाती ते पुस्तक गेलं, कारण वाटी प्रत्येकीच्या घरात होती.

आज वाशीमहून पुण्याला किंवा परदेशात गेलेल्या लेकीचा आईला फोन येतो तेव्हा अडचण वाटीचीच असते. आईची वाटी आणि लेकीचा मापाचा कप यांची गाठ पडत नाही. त्यावर उपाय सोपा आहे आणि तो करायला हवा. घरातली नेहमीची वाटी काठोकाठ पाण्याने भरायची आणि पाणी काट्यावर तोलायचं. जेवढे ग्रॅम, तेवढ्या मिलिलिटरची ती वाटी. आमटीची वाटी बहुधा दीडशेच्या आसपास निघते. पण एवढ्यावर थांबू नये. आईला विचारावं, की यातलं काय मोजून घ्यायचं आणि काय मावेल तेवढं. हात कुठे थांबवायचा, काय दिसलं की थांबायचं, काय हाताला लागलं की पुढे जायचं. रिसोडच्या त्या अंगणात काकूंची धाकटी मुलगी मोबाइलवर चित्रीकरण करत होती. पहिल्या खेपेला तिने फक्त गडवा आणि घाटा टिपला. आईने तिला थांबवलं, चिकात पुन्हा बोट बुडवलं आणि म्हणाली, "हे घे आधी. बाकी कोणीबी सांगन."